वेरूळच्या भोसले घराण्याचा मूळपुरुष कोण?

गावात देवळाचे काम निघाले की दोन प्रश्न हमखास निघतात. खर्च किती येणार हा पहिला, आणि हे देऊळ मुळात बांधले कोणी हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गवंडी-सुतारांच्या अंदाजपत्रकात मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र घरोघरी निराळे असते. पाटलांच्या वाड्यात एक वंशावळ सांगतात, पुजाऱ्यांच्या घरी दुसरी सांगतात आणि तीर्थक्षेत्राच्या उपाध्यांच्या वहीत तिसरीच निघते. यांतले कोणी मुद्दाम खोटे बोलतो असे नाही. ज्याने त्याने आपल्या आजोबांकडून ऐकलेले जपलेले असते. परंतु तीन उत्तरे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, आणि तेथून वाद सुरू होतो.

हा गुंता लहान गावांपुरताच आहे असे समजू नये. ज्या घराण्यात श्रीशिवछत्रपती जन्मले, त्या वेरूळच्या भोसले घराण्याच्या बाबतीतही विद्वानांना शंभर वर्षांहून अधिक काळ हाच प्रश्न सोडवावा लागला आहे, आणि त्याचा काही भाग अजून सुटलेला नाही. जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी त्या शोधाची हकीकत ग्रामस्थांना आणि देणगीदारांना उद्बोधक वाटेल, कारण तिची सुरुवात एका देवळाच्या जीर्णोद्धारापासूनच होते.

घृष्णेश्वराचे देऊळ

बारा ज्योतिर्लिंगांपैकी श्रीघृष्णेश्वराचे स्थान वेरूळ येथे, प्रसिद्ध लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस या देवळाचा जीर्णोद्धार शिवरायांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी केला, अशी परंपरा आहे. पुढे अठराव्या शतकात होळकर घराण्यातील गौतमाबाई आणि पुण्यश्लोक अहिल्याबाई यांनी या क्षेत्रात मोठे काम केले. आज तेथे दिसणारे तांबूस दगडाचे, खांबांच्या सभामंडपाचे देऊळ मुख्यतः त्या काळचे आहे. गावात भोसल्यांच्या गढीचे अवशेषही आहेत. सातारा जिल्ह्यातील शिखर शिंगणापूर येथे शंभुमहादेवाच्या यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होत, म्हणून मालोजीराजांनी तेथे तलाव बांधला, असेही सांगितले जाते.

म्हणजे मालोजीराजांचे नाव देवळाशी आणि पाण्याशी जोडलेले आहे. प्रश्न पुढे येतो. एका गावच्या पाटलाच्या घरात एवढे द्रव्य आले कोठून? या पाटलाचे वाडवडील कोण होते? ते वेरूळला केव्हा आणि कोठून आले?

बखरकारांचे उत्तर

बखरी या प्रश्नांना मोठी सुरस उत्तरे देतात. बाबाजी भोसले हे वेरूळचे पाटील. त्यांना मालोजी आणि विठोजी हे दोन पुत्र. दोघे भाऊ शेती करून राहत. एके रात्री देवीने मालोजीला दृष्टान्त दिला आणि शेतातील वारुळाखाली धन असल्याचे सांगितले. ते धन काढून दोघा भावांनी श्रीगोंद्याच्या शेषाप्पा नाईक पुंडे या सावकाराकडे ठेवले. त्यातून घोडी घेतली, शिलेदारी केली, देवळाचा जीर्णोद्धार केला आणि तलाव बांधला. मालोजीला पुत्र होत नव्हता. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) शाह शरीफ या पिराला नवस केल्यावर दोन पुत्र झाले, म्हणून एकाचे नाव शहाजी आणि दुसऱ्याचे शरीफजी ठेवले. पुढे सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या घरी रंगाच्या सणाला, बालवयातील शहाजी आणि जिजाऊ एकमेकांवर रंग टाकीत असता, जाधवराव सहज म्हणाले की जोडा शोभतो. मालोजीने भर सभेत उठून तो शब्द पकडला आणि सोयरीक झाल्याचे जाहीर केले.

ही कथा महाराष्ट्रातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. ती टाकून द्यावी असे कोणाला वाटणार नाही. पण इतिहास लिहू लागले की कथा कोणी सांगितली आणि केव्हा सांगितली, हे विचारावे लागते. मल्हार रामराव चिटणीस यांची प्रसिद्ध बखर १८१० च्या सुमारास सातारा येथे लिहिली गेली. मालोजीराजांचा काळ त्याच्याआधी दोनशे वर्षांचा. दोनशे वर्षांत सहा-सात पिढ्या होतात. इतक्या पिढ्यांच्या तोंडून आलेल्या गोष्टीत माया, भक्ती आणि अभिमान यांची भर पडणे स्वाभाविक आहे.

शिवभारताची साक्ष

बखरींच्या पुष्कळ आधीचा एक ग्रंथ म्हणजे कवींद्र परमानंदाचे संस्कृत ‘शिवभारत’. परमानंद हा शिवरायांच्या काळातला आणि त्यांच्याच पदरचा कवी. त्याची पोथी तंजावरकडे राहिली आणि मराठी वाचकांसमोर ती १९२७ साली छापून आली. तोपर्यंत बरेचसे इतिहासलेखन बखरींवर आणि ग्रँट डफ याच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी इतिहासावर चालत असे, आणि ग्रँट डफनेही बराच भाग बखरींवरूनच घेतला होता.

परमानंदाने सांगितलेली हकीकत बखरीशी जुळत नाही. त्याचा मालोजी नांगर धरणारा शेतकरी नाही. तो सूर्यवंशात जन्मलेला, आरंभापासूनच राजा म्हणून मान असलेला सरदार आहे. निजामशाहीच्या बाजूने लढताना तो इंदापूरच्या लढाईत पडला, त्या वेळी शहाजी आणि शरीफजी लहान होते, आणि चुलते विठोजी यांनी त्यांचा सांभाळ केला, असे तो लिहितो. रंगाच्या सणाचा प्रसंग त्याच्या काव्यात नाही.

आता सालांचा हिशेब घालून पाहावा. मालोजीराजांच्या मृत्यूचे साल काही ग्रंथांत १६०६, तर काहींत १६२० च्या सुमाराचे दिलेले आढळते. शहाजीराजांच्या जन्माचीही १५९४, १५९९ आणि १६०२ अशी निरनिराळी साले आहेत. मृत्यू १६०६ आणि जन्म १५९४ धरला तर वडील गेले तेव्हा शहाजी बारा वर्षांचे होते. जन्म १६०२ धरला तर चार वर्षांचे. मृत्यू १६२० चा धरला तर मात्र ते चांगले कर्तेसवरते सरदार होतात, आणि मग चुलत्याने लहान मुलांना सांभाळल्याच्या हकीकतीला काही अर्थच राहत नाही. याचा अर्थ, परमानंदाची साक्ष खरी मानली तर मृत्यूचे उशिराचे साल सोडून द्यावे लागते. गुंता सोडविण्याची पद्धत ही अशी आहे. एक धागा ओढला की त्याच्यामागे दुसरा कोणता येतो आणि कोणता तुटतो, हे पाहावयाचे.

परमानंदालाही डोळे मिटून प्रमाण मानता येत नाही. तो दरबारचा कवी. धन्याचा आजोबा पाटीलकी करीत होता असे तो कशाला लिहील? मात्र त्याने हे काव्य रचले तेव्हा भोसल्यांच्या घरातली वडीलधारी माणसे हयात होती. अगदी अलीकडच्या दोन पिढ्यांविषयी चुकीचे लिहिले असते तर ऐकणाऱ्यांनी ते चालू दिले नसते. म्हणून घरातल्या घटनांसाठी परमानंद अधिक जवळचा साक्षीदार ठरतो. घराण्याच्या स्तुतीत त्याचा शब्द जपून घ्यावा लागतो.

वंशाचा प्रश्न आणि राज्याभिषेक

बाबाजींच्या वरच्या पिढ्या कोणत्या, हा यापेक्षा कठीण प्रश्न आहे. हा नुसता हौसेचा प्रश्न नव्हता. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक झाला. शास्त्रोक्त अभिषेक क्षत्रियालाच होतो, असा त्या काळच्या काही ब्राह्मणांचा आग्रह होता. तेव्हा भोसले हे चितोड-उदेपूरच्या शिसोदिया राण्यांच्या वंशातले आहेत, हे पुढे करण्यात आले आणि काशीच्या गागाभट्टांनी अभिषेक सिद्धीस नेला. एका वंशावळीवर रयतेच्या राज्याची शास्त्रीय मान्यता अवलंबून होती.

सर जदुनाथ सरकार यांच्यासारख्या मोठ्या इतिहासकाराने ही वंशावळ राज्याभिषेकाच्या सोयीसाठी रचली गेली, असे मत दिले. महाराष्ट्रात अनेकांना हे मत झोंबले. पण झोंबून उपयोग नसतो. पुरावा शोधावा लागतो, आणि तो शोधला गेला.

शहाजीराजे बंगळूरला असताना त्यांच्या दरबारात जयराम पिंड्ये नावाचा कवी होता. त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथाचे संपादन इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी केले आणि तो १९२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात शहाजीराजांचा वंश राण्यांच्या कुळातल्या दलीप नावाच्या पुरुषापासून सांगितला आहे. शहाजीराजे १६६४ च्या आरंभी निवर्तले. म्हणजे ही समजूत राज्याभिषेकाच्या निदान दहा वर्षे आधी भोसल्यांच्या दरबारात रूढ होती. कवी भूषणाचे ‘शिवराजभूषण’ १६७३ साली पूर्ण झाले; त्यातही शिसोदिया कुळाचाच उल्लेख आहे. शहाजीराजांनी आदिलशहाला लिहिलेल्या एका पत्रात स्वतःला रजपूत म्हणवून घेतले आहे.

यावरून दोन गोष्टी निघतात, आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत. वंशावळ १६७४ साली ऐनवेळी रचली गेली, हा आरोप टिकत नाही. परंतु समजूत जुनी आहे एवढ्यानेच ती खरी ठरते असेही नाही. शहाजीराजांच्या आधीच्या तीनशे वर्षांत काय घडले, हे सांगायला जयराम पिंड्येही तेथे हजर नव्हता. वकील ज्याला ऐकीव पुरावा म्हणतात, तसाच तो आहे.

मुधोळ, तंजावर आणि शिंगणापूर

विसाव्या शतकात आणखी तीन ठिकाणचे पुरावे पुढे मांडले गेले.

पहिला पुरावा मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या दप्तरातील फारसी फर्मानांचा. त्यांवरून असे सांगितले गेले की चितोडच्या राजघराण्यातला सज्जनसिंह दक्षिणेत आला आणि त्याच्या वंशजांना चौदाव्या शतकात बहामनी सुलतानांकडून जहागिरी मिळाल्या. पुढे वंशाच्या दोन शाखा झाल्या. एका शाखेतल्या वीराने १४७१ च्या स्वारीत घोरपडीच्या साहाय्याने खेळणा किल्ला, म्हणजे आजचा विशाळगड, चढून घेतला, म्हणून ते घोरपडे झाले. शुभकृष्ण नावाच्या पुरुषाची दुसरी शाखा वेरूळकडे गेली आणि ते भोसले राहिले. ही फर्माने अस्सल असतील तर प्रश्न जवळजवळ सुटतो. पण त्यांच्या अस्सलपणाविषयी विद्वानांत दोन तट पडले. काहींनी ती स्वीकारली. काहींनी ती मागाहून तयार केलेली ठरवली. ज्या कागदावर सगळी इमारत उभी राहायची, त्या कागदाचा पायाच वादात असला तर शहाण्या माणसाने मजला चढवू नये.

दुसरा पुरावा तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरलेला आहे. दुसरे सरफोजी महाराज यांनी १८०३ साली भोसले वंशाचा संपूर्ण इतिहास मराठीत दगडावर कोरवून घेतला. एवढा मोठा मराठी शिलालेख दुसरा नाही. आपल्या घराण्याची आठवण राहावी म्हणून देवळाच्या भिंतीचा आश्रय घेणारा हा राजा आजच्या प्रसंगी आवर्जून आठवावा असा आहे. तरीही बाबाजींच्या वरच्या पिढ्यांची तंजावरची नावे आणि साताऱ्याकडील किंवा मुधोळकडील नावे एकमेकांशी जुळत नाहीत. दगडावर कोरले म्हणून ते खरे, असे म्हणता येत नाही. मालोजीनंतर दोनशे वर्षांनी कोरलेला दगड हा दोनशे वर्षांनंतरचाच पुरावा असतो.

तिसरा विचार डॉ. रा. चिं. ढेरे यांचा. शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरील आपल्या ग्रंथात त्यांनी भोसल्यांचे नाते उत्तरेऐवजी दक्षिणेकडे, होयसळ राजकुळाशी जोडले. त्या कुळातला बळिप नावाचा पुरुष कर्नाटकातून साताऱ्याच्या बाजूला आला, भोसल्यांचे कुलदैवत शंभुमहादेव का याचे उत्तर त्यात आहे, आणि ‘भोसल’ हे नावही ‘होयसळ’ या नावाशी जुळते, असे त्यांचे म्हणणे. दुसरे लोक हेच आडनाव भोसाजी नावाच्या पूर्वजापासून किंवा भोसे-भोसी अशा गावाच्या नावावरून काढतात. देवाच्या पूजेवरून वंश शोधण्याची ढेऱ्यांची रीत विचार करण्याजोगी आहे, कारण कागद जळतात, पण कुलदैवताची वारी पिढ्यान् पिढ्या चालते. मात्र त्यांचे मतही अद्याप सर्वमान्य झालेले नाही.

नावांचा आणि सनांचा घोळ

कागद एकमेकांशी भांडतात त्याला दर वेळी लबाडीच कारण असते असे नाही. बरेचदा कारण अगदी साधे असते.

एक कारण नावावर नाव ठेवण्याची चाल. मालोजींचे बंधू विठोजी यांच्या मुलांतही एक मालोजी होता, आणि तो मोगलांच्या चाकरीत गेल्याच्या नोंदी आहेत. दोन मालोजी एक मानले की आजोबा मेल्यावरही लढताना दिसू लागतात. संभाजी हे नाव शहाजीराजांच्या थोरल्या मुलाचे, तेच शिवरायांच्या पुत्राचे, आणि वंशावळीत बाबाजींच्या वरही एक संभाजी येतो. उलट एकाच माणसाची दोन नावेही असतात. शिवरायांचे सावत्र बंधू कोठे व्यंकोजी, तर कोठे एकोजी. मालोजींची पत्नी फलटणच्या निंबाळकरांची कन्या. ती कोठे उमाबाई, कोठे दीपाबाई. शरीफजी, सरफोजी, शरभोजी ही एकाच नावाची वेगवेगळ्या लेखण्यांतून उतरलेली रूपे दिसतात.

दुसरे कारण गावांचे. भोसल्यांकडे वेरूळप्रमाणेच आजच्या पुणे जिल्ह्यातील हिंगणी-बेर्डी आणि देऊळगाव येथील पाटीलकीही सांगितली जाते. एका घराण्याची वतने अनेक गावी असली की प्रत्येक गाव म्हणते, मूळ घर आमचे. वतन खरेदीने येते, इनामाने येते, कधी सोयरिकीनेही येते. गावात वतन होते एवढ्यावरून तेथेच मूळ वस्ती होती असे ठरत नाही.

तिसरे कारण सनांचे. जुन्या मोडी कागदांत शक असतो, सुहूर सन असतो, फसली असतो, हिजरीही असतो. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो. पण जानेवारीपासून चैत्र पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. सुहूर सन मृगाच्या सुमारास बदलतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवितात. फसलीत ५९० किंवा ५९१. त्यातून सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात. ‘सबा’ म्हणजे सात आणि ‘तिसा’ म्हणजे नऊ. घाईने वाचणाऱ्याकडून एकाचे दुसरे झाले की दोन वर्षांचा फरक पडलाच. मिळवणीतली एवढीशी चूक एखाद्याच्या मुलाला बापाच्या लग्नाआधी जन्माला घालते.

एक गुंता सुटला तो कसा

या घराण्यातला एक मोठा गुंता मात्र पुराव्यानेच सुटला. त्याची हकीकत प्रत्येक गावकऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे.

बखरींच्या आधारे शिवजन्माची तिथी शके १५४९ प्रभव संवत्सर, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे एप्रिल १६२७ अशी पूर्वी मानीत. कान्होजी जेधे यांच्या घराण्यात एक शकावली जपून ठेवली होती. शकावली म्हणजे शकवार घटनांची टिपणे. तीत अलंकार नाही, स्तुती नाही. अमुक शकात, अमुक तिथीस अमुक झाले, एवढेच. भोर भागातील कारी गावच्या या देशमुख घराण्याकडून ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध झाली. तीत शिवजन्म शके १५५१ शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा दिला आहे. फाल्गुनाला ७९ मिळवावयाचे, म्हणून १६३०. ती तारीख १९ फेब्रुवारी १६३०. त्या दिवशी शुक्रवारच येतो.

एकट्या शकावलीवर कोणी विसंबले नाही. पुढे शिवभारत मिळाले, तर त्यातही तीच तिथी. मग राजस्थानातल्या जोधपूरला एका जुन्या ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात शिवरायांची जन्मकुंडली मिळाली, तीही त्याच तिथीची. मावळातला देशमुख, दरबारातला कवी आणि दूर मारवाडातला जोशी यांनी एकमेकांचे पाहून लिहिले असणे शक्य नव्हते. तीन स्वतंत्र साक्षी एका ठिकाणी आल्या. तरीही वाद लगेच मिटला नाही. महाराष्ट्र शासनाने १९६६ साली इतिहासज्ञांची समिती नेमली, आणि अखेर २००१ साली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनाने अधिकृत मानली. टिपण प्रसिद्ध झाल्यापासून ८५ वर्षे लागली. पण ते टिपण जपणारे घर नसते, तर आणखी ८५ वर्षांनीही निकाल लागला नसता.

निष्कर्ष काय?

मग वेरूळच्या भोसल्यांचा मूळपुरुष कोण? पुराव्याने उभे राहून सांगता येते ते एवढे. बाबाजी, त्यांचे पुत्र मालोजी आणि विठोजी, मालोजींचे शहाजी आणि शरीफजी, या पिढ्या पक्क्या आहेत. निजामशाहीच्या चाकरीत तलवारीच्या जोरावर हे घर पुढे आले, फलटणच्या निंबाळकरांशी आणि सिंदखेडच्या जाधवरावांशी त्यांच्या सोयरिकी झाल्या, हेही पक्के आहे. शिसोदिया वंशाची समजूत राज्याभिषेकापूर्वीची आहे. बाबाजींच्या वरची नावे तीन याद्यांत तीन प्रकारची आहेत, तेथे हात राखूनच बोलावे लागते.

कोणाला यात उणेपणा वाटू नये. वंशावळ वर चितोडला पोचो की होयसळांना, रायगडावरच्या सिंहासनाला त्याने कमीजास्त होत नाही. वाडवडिलांचा मोठेपणा शिवरायांना उपयोगी पडला तो एका विधीपुरता. राज्य त्यांनी मावळ्यांच्या बळावर मिळविले. आणि ज्या मालोजींच्या पूर्वजांची नावे आज कोणी निश्चित सांगू शकत नाही, त्यांनी हात लावलेले देऊळ आणि तलाव मात्र लोकांच्या तोंडी आहेत.

गावाने काय करावे?

या हकीकतीतून गावाला घेण्यासारखे पुष्कळ आहे. जीर्णोद्धारात जुन्या भिंती निघतात, ओटे फुटतात. तेव्हा अक्षरे कोरलेला दगड, वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ जे काही निघेल, त्यावर तैलरंग किंवा सिमेंट चढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र आणि कागदावर ठसा घ्यावा, आणि तो मूळ जागी किंवा देवळाच्या आवारात नीट उभा करावा. पायरीला तो वापरू नये. घरात मोडी रुमाल असतील तर ते वाळवीला न देता जाणकारांकडून वाचून घ्यावेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात वतनांचे आणि इनामांचे लक्षावधी कागद आहेत. त्र्यंबक, नाशिक, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांच्या नोंदी सापडतात. वृद्ध मंडळींच्या आठवणी त्यांच्या नावानिशी आणि दिनांकासह लिहून ठेवाव्यात. कागद एकमेकांशी जुळले नाहीत तर गैरसोयीचा कागद फाडू नये, दोन्ही जपावेत. आज न सुटलेला गुंता उद्याचा अभ्यासक सोडवील.

आणि देवळाचा मान कोणाच्या पूर्वजाचा, यावरून भाऊबंदकी होऊ देऊ नये. पुराव्याने ठरेल ते मान्य करावे. ठरत नसेल तेथे सर्व गावाचे, असे लिहावे. या जीर्णोद्धारासाठी ज्यांनी अकरा रुपये दिले त्यांची आणि ज्यांनी हजारो दिले त्यांचीही नावे, गावासह, तिथी आणि इसवी सनासह, स्पष्ट अक्षरांत लिहून ठेवावीत. दोनशे वर्षांनी कोणी विचारील, हे देऊळ कोणी उभे केले? तेव्हा त्याला दृष्टान्ताची किंवा ऐकीव कथेची गरज पडू नये. सरळ, खरे उत्तर हाती लागावे. तेवढी सद्बुद्धी ग्रामदैवताने सर्वांना द्यावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.